सुट्टीतले वीस तास

एप्रिलअखेर परीक्षा संपल्या की माझ्याकडे फोन सुरू होतात. ‘‘ताई, आमच्या लेकाला शाळेने समाजसेवेचे वीस तास सांगितलेत. तुमच्या ओळखीची एखादी संस्था आहे का? त्याला जायला वेळ नाही हो, क्लास सुरू होतोय. नुसतं सर्टिफिकेट मिळालं तरी चालेल.’’

नुसतं सर्टिफिकेट! न केलेल्या कामाचा कागद आईनेच आणून हातात ठेवला, तर मुलगा त्या सुट्टीत काय शिकला? काम न करताही सही मिळते, हेच ना? उद्या हाच मुलगा कुठल्यातरी खुर्चीत बसून न झालेल्या रस्त्याचं बिल पास करेल आणि आपण खड्ड्यांच्या नावाने बोटं मोडू. म्हणून मैत्रिणींनो, या सुट्टीत कागद शोधण्याऐवजी काम शोधू या.

त्याआधी शाळेत जाऊन नीट चौकशी करा, कारण प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. सीबीएसईने २०१८ पासून नववी ते बारावीच्या आरोग्य आणि शारीरिक शिक्षणात ‘सेवा’ नावाचा भाग घातलाय. आयसीएसईच्या शाळांत ‘एसयूपीडब्ल्यू’ म्हणजे समाजोपयोगी कामाची श्रेणी असते. कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, आपली एनएसएस, तर १९६९ पासून सुरू आहे. तिथे वर्षाला १२० तास काम आणि शिवाय सात दिवसांचं शिबिर असतं. तेव्हा तास किती, सुट्टीतले चालतात का, सही कोणाची लागते आणि रोजची नोंदवही हवी का, हे चार प्रश्न विचारूनच घ्या.

आता काम कुठे? ‘कुठे सर्टिफिकेट देतात’ असं विचारलं की फारसं काही सापडत नाही. ‘मे महिन्यात कुठे हात कमी पडतात’ असं विचारून बघा, यादी आपोआप लांबते.

झाडांचंच घ्या. जूनमध्ये रोप लावून फोटो काढायला सगळे येतात. खरी गरज असते एप्रिल-मेमध्ये, पाणी घालायला. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ साली ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेने नाशिककरांना बरोबर घेऊन देशी झाडांची देवराई लावली. अशी झाडं जगवायची तर पाणी घाला, आळी करा, वाळलेलं गवत काढा, अशी कामं असतात. सकाळी साडेसहा ते साडेआठ, ऊन चढायच्या आत घरी. तुमच्या गावातही कुणीतरी टेकडीवर, शाळेमागे किंवा स्मशानभूमीत झाडं लावलेली असतीलच. त्या माणसाला जाऊन विचारा, तो नाही म्हणणार नाही.

ज्याला ऊन सोसत नाही त्याला ग्रंथालय आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. अशा जुन्या वाचनालयांपासून गावच्या ग्रंथालयापर्यंत सगळीकडे पुस्तकं पुसणं, कव्हरं घालणं, क्रमाने लावणं ही कामं कायम शिल्लक असतात. हे करता करता दोन पुस्तकं वाचून झाली, तर तो आपला नफा!

आणखी एक काम फार मोलाचं आहे. दहावीच्या परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक लागतो आणि तो खालच्या इयत्तेतलाच चालतो. म्हणजे गरज नेमकी आपल्या आठवी-नववीतल्या मुलांचीच आहे. मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पण पुरवणी परीक्षा जून-जुलैत येते. सुट्टीत त्या मुलांना धडे वाचून दाखवणं हीसुद्धा सेवाच. नाशिकमध्ये नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची संस्था आहे. तिथे विचारून बघा.

निफाड, सिन्नर, येवल्याच्या मैत्रिणींना तर गावातल्या गावातच काम आहे. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी २०२२ पासून जिल्हा परिषद शाळांत ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. त्यात आयांचे माता गट सुट्टीत मुलांकडून घरगुती वस्तूंनी मोजणी, गोष्टी, चित्रं असे खेळ करून घेतात. मोठ्या ताई-दादाने पाच-सहा पोरांना रोज तासभर ओट्यावर बसवलं, तर कितीतरी आयांना मदत होईल. शाळेतल्या बाईंना सांगून नोंद ठेवायची, झालं.

आता थोडं आईच्या वाट्याचं. फोन तुम्ही करू नका, मुलाला करू द्या. ‘मी अमुक शाळेत नववीत आहे, मला रोज दोन तास काम करायचंय,’ एवढं बोलायलाही धीर लागतो. तुम्ही मात्र एकदा जाऊन जागा बघून या. देखरेखीला जबाबदार माणूस आहे ना, पाणी आणि स्वच्छतागृह आहे ना, जायची-यायची वेळ ठरली आहे ना, हे पाहिल्याशिवाय पाठवू नका. रोज दोन तास धरले तरी दहा सकाळींत वीस तास होतात. क्लासही बुडत नाही.

वृद्धाश्रमात किंवा अनाथाश्रमात पाठवणार असाल तर एक कळकळीची विनंती. एक दिवस केक घेऊन जायचं, फोटो काढायचे आणि पुन्हा फिरकायचं नाही, हे नको. तिथल्या आजी वाट बघतात हो. दहा दिवस रोज जाऊन पेपर वाचून दाखवला, तर त्यांना बरं वाटतं. आणि विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो काढायचा नाही, हे मुलांना बजावून सांगा.

आणि मुलींचं काय? बऱ्याच घरांत दादा बाहेर समाजसेवा करतो आणि ताई घरी पापड-कुरडया करते. पाहुण्यांचं चहापाणी तिच्याकडे, धाकट्याला सांभाळायचं तिनेच. त्या तासांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. या सुट्टीत दोघांनाही बाहेर पाठवा आणि कुरडया करायलाही दोघांना बसवा. वाचनालयात अनोळखी माणसाशी बोलणं, कामाची जबाबदारी घेणं, वेळेवर पोहोचणं, हे सगळं मुलीला पुढे नोकरीतही उपयोगी पडणार आहे.

कॉलेजात गेलेल्या मुलांसाठी बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला १५ ते २२ मे अशी ती भरते. सकाळी श्रमदान, नंतर चर्चा आणि गाणी. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात तरुण मुलं हौसेने जातात. तेव्हा ‘आमच्या मुलांना सोसणार नाही’ असं आधीच ठरवून टाकू नका.

रोज रात्री मुलाला वहीत चार ओळी लिहायला सांगा: आज काय केलं, कोण भेटलं, काय जड गेलं. शाळेला दाखवायला ती वही होईलच, पण तुम्हालाही ती वाचायला आवडेल. आणि वीस तास पूर्ण झाले, सही-शिक्का मिळाला, की एवढंच विचारा, ‘‘पुढच्या रविवारी जायचंय का रे?’’ तो हो म्हणाला तर समजा, सुट्टी कारणी लागली.