बाण गेला कुठे?



या भित्तिपत्रकासाठी आम्ही खर्ड्याच्या लढाईचा तक्ता केला. ही लढाई ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात झाली. हरल्यावर निजाम आपल्या गावच्या किल्ल्यात शिरला. म्हणून मी गुरुजींच्या मोबाईलवर लिहिले : निजाम → किल्ला. पण दुकानातून छापून आणलं तर निजाम □ किल्ला! बाणाच्या जागी रिकामी चौकट.

माझे आबा तक्ता वाचून म्हणाले, "अगं, निजाम किल्ल्यात गेला का किल्ल्यातून पळाला?" सगळे हसले. मला लई वाईट वाटलं. मग गुरुजींनी कारण समजावून सांगितले.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. म्हणून हजेरीपटावर जसा आपला क्रमांक असतो, तसा प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. 'ख' चा क्रमांक २३२६. डाव्या बाणाचा ८५९२, वरच्या बाणाचा ८५९३, उजव्याचा ८५९४ व खालच्याचा ८५९५. जगातल्या लिप्यांच्या या मोठ्या हजेरीपटाला युनिकोड म्हणतात. त्याचा पहिला खंड १९९१ साली निघाला. त्यात आपली देवनागरी होती आणि बाणही होते. आज बाणांच्या मुख्य विभागात ११२ बाण आहेत. काही दुतोंडी, काही वळलेले, काही गोल फिरणारे.

त्याआधी अमेरिकेत १९६३ साली असाच एक छोटा तक्ता केला होता. त्यात दोनच बाण होते, वरचा आणि डावा. १९६७ साली तेही काढून टाकले व त्यांच्या जागी दुसरी चिन्हे बसवली.

मग आमचा बाण गेला कुठे? मोबाईलमधून ८५९४ हा क्रमांक बरोबर गेला. पण क्रमांकाबरोबर चित्र जात नाही. चित्र ज्याच्या त्याच्या संगणकातल्या फॉन्टमध्ये असते. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या ठशांची पेटीच. छापताना जो फॉन्ट घेतला, त्यात बाणाचा ठसा नव्हता. हजेरीपटावर नाव आहे, पण मूल वर्गात नाही, तसं झालं!

म्हणून छापलेला कागद आधी नीट वाचावा. रस्त्याच्या पाटीवरचा बाण असा गेला, तर माणूस भलतीकडेच जाईल.

तक्त्यावर मी लाल पेनाने बाण काढला आहे. आबा, आता बघा, निजाम किल्ल्यातच जातो!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, खर्डा