स्प्रिंग कसली तरी तेल परत येत नाही

मोटारसायकलचा किंवा डोंगरी सायकलचा मागचा शॉकअप बाहेरून एकच वस्तू दिसतो, पण त्यात दोन यंत्रे असतात. स्प्रिंग भार पेलते, आणि चाक अडथळ्यावर चढले की दबून त्या धक्क्याची ऊर्जा साठवते. साठवलेले जवळजवळ सगळेच ती परत करते, आणि तिची अडचण नेमकी हीच. नुसत्या स्प्रिंगवर उभी केलेली गाडी एका खड्ड्यानंतर सेकंदाला दीड-दोन हेलकावे घेत बराच वेळ डुलत राहील. हे डुलणे थांबवायचे काम स्प्रिंगच्या पोटातल्या नळकांड्यातले तेल करते. नळकांड्यात वरखाली होणाऱ्या दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक छिद्रे असतात आणि छिद्रांवर पोलादाच्या पातळ चकत्या. दट्ट्या हलला की तेलाला या छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या ओढाताणीत तेल तापते आणि उष्णता नळीच्या अंगातून हवेत जाते. खराब रस्त्यावरून बराच वेळ आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावला तर तो कोमट लागतो. खड्ड्यांतली ऊर्जा गेली कुठे, हे त्या स्पर्शातच कळते.

तेलाचा विरोध वेगावर अवलंबून असतो. दांडा सावकाश सरकला तर विरोध थोडा, झटक्यात सरकला तर मोठा. फार जोराचा धक्का बसला तर चकत्या वाकून तेलाला मोठी वाट देतात, नाहीतर शॉकअप काठीसारखा कडक होऊन सगळा दणका सांगाड्याला आणि पाठीच्या मणक्याला देईल. दबताना विरोध कमी आणि उसळून परत येताना जास्त, अशी त्याची रचना असते, कारण परत येताना स्प्रिंगचा जोर आवरायचा असतो.

या तेलाची परीक्षा कशी होते ते एका गावावरून पाहू. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यातले दुसरबीड जालना–मेहकर रस्त्यावर आहे. गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो आणि त्यावर चढण्या-उतरण्याची सोयही इथे आहे. पण नागपूर ते मुंबई या 701 किलोमीटरच्या गुळगुळीत रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे इथल्या मोटारसायकलींच्या नशिबी राहतात ते गावरस्ते आणि शेताच्या पांदणी. गाडीवर दोन माणसे, मध्ये युरियाची 45 किलोची गोणी, नाहीतर दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. हा जास्तीचा भार बहुतेक सगळा मागच्या चाकावर येतो. पुढच्या शॉकअपच्या मानाने मागचे लवकर बसतात याचे एक साधे कारण हे.

दुसरे कारण जमिनीत आहे. या भागातली काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यातली स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजे पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळतात. वर डांबर असले तरी खालची जमीन वरखाली होते आणि सरळ दिसणाऱ्या रस्त्यावर लाटा उठतात. खड्डा शॉकअपला एकदाच झटका देतो, लाटा मात्र त्याला सतत हलवत ठेवतात. तेल तापण्याची आणि फेसाळण्याची शक्यता अशाच रस्त्यावर जास्त.

फेसाळणे ही साध्या शॉकअपची जुनी खोड. नळकांड्यात तेलाबरोबर थोडी हवा ठेवावीच लागते, कारण आत शिरणाऱ्या दांड्याला जागा हवी. सतत घुसळले गेले की हवा तेलात मिसळते. बुडबुडे दाबले जातात, तेल दाबले जात नाही, म्हणून फेसाळ तेलाचा विरोध निम्म्यावर येऊ शकतो. थोडा वेळ गाडी उभी केली की बुडबुडे वर येतात आणि शॉकअप पुन्हा ठीक वागतो. यावर उपाय काढला फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांनी, विसाव्या शतकाच्या मध्याला. तरंगत्या दट्ट्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला भारी दाबाचा नायट्रोजन, अशी ती रचना. दाबाखालच्या तेलात बुडबुडे सहज तयार होत नाहीत. आपल्याकडे गॅसचा शॉकअप सर्वतोमुखी केला तो बजाजच्या पल्सरने, ‘नायट्रॉक्स’ या नावाने. आज दुचाकींचे शॉकअप मोठ्या प्रमाणावर बनवणारी एन्ड्युरन्स ही कंपनी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आहे, म्हणजे दुसरबीडहून जालन्याच्या पलीकडे. 1961 साली स्थापन झालेली गॅब्रिएल इंडियाही महाराष्ट्रातलीच.

शॉकअप मरतो तो बहुधा सीलपासून. दांडा जिथून नळकांड्यात शिरतो तिथे रबराची बारीक ओठासारखी कड असते आणि ती दांड्याला घासून बसलेली असते. दांड्यावर क्रोमचा चकचकीत मुलामा असतो, तो या कडेसाठीच. पांदणीतला चिखल दांड्यावर वाळला की त्यातले वाळूचे कण प्रत्येक धक्क्याला सीलखाली ओढले जातात. पावसाळ्यात ओली गाडी आठ-पंधरा दिवस तशीच उभी राहिली तर क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून पाणी शिरते आणि गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटतात. मग प्रत्येक फेरीत तो ठिपका सील कापत राहतो. दांड्यावर तेलाचा अगदी पुसट ओलावा असणे चांगले, सीलला तो लागतोच. नळीवरून ओघळ उतरून त्यावर धूळ बसली असेल आणि काळा चिकट पट्टा दिसत असेल, तर सील गेले असे समजावे.

तपासणीला हत्यार लागत नाही. गाडी स्टँडवरून काढून सरळ धरावी, सीटवर दोन्ही हातांनी जोरात दाबावे आणि सोडावे. धड शॉकअप वर येतो आणि तिथेच स्थिरावतो, फार तर किंचित एकदा खाली जातो. तेल गेलेला दोन-तीनदा उड्या मारतो. वळणावर मागचे चाक उसळत बाजूला सरकणे आणि टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज होणे, ही त्याच दुखण्याची पुढची लक्षणे. नुसता ‘टक-टक’ आवाज येत असेल तर दोष बहुधा दोन्ही टोकांच्या रबरी बुशचा असतो, आणि बुश स्वस्तात बदलता येतो. गाडी धुताना डिझेल किंवा रॉकेल फवारायची पद्धत या बुशना घातक ठरते, कारण साधे रबर त्यात फुगते आणि मऊ पडते. जोराच्या पाण्याचा फवारा थेट सीलवर धरणेही वाईट, कारण पाणी घाणीला आत ढकलते. साबणाचे पाणी आणि फडके एवढे पुरते.

शॉकअप थकला की दुरुस्तीच्या टप्प्यावर सर्वांत जास्त फसगत होते. गाडी बसते, उड्या मारते, आणि मालक गॅरेजवर जाऊन म्हणतो, ‘शॉकअप टाइट करून द्या.’ हुकपान्याने स्प्रिंगखालची खाचांची कडी फिरवली जाते. हीरोच्या स्प्लेंडर प्लसवर अशा पाच खाचा आहेत. कडी फिरवल्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि गाडीची मागची बाजू उंचावते. गोणी किंवा दुसरा माणूस बसणार असेल तर हे अगदी योग्य, पाच खाचा त्यासाठीच आहेत. पण या खाचांचा तेलाशी काही संबंध नाही. तेल गळून गेलेल्या शॉकअपची स्प्रिंग कसली तर उसळी आवरायला कोणी उरत नाही आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त नाचते. भाराची तक्रार असेल तर स्प्रिंग, डुलण्याची असेल तर तेल. हा फरक मिस्त्रीला सांगता आला तर पैसे वाचतात.

पुढच्या फोर्कमधले तेल कोणताही मिस्त्री बदलतो. मागच्या शॉकअपची गोष्ट वेगळी, कारण बहुतेक गाड्यांवर तो कारखान्यातच कायमचा बंद करून येतो. शहरांतून नळी कापून, तेल व सील बदलून परत वेल्ड करून देणारे कारागीर आहेत. साध्या तेलाच्या शॉकअपवर हे काम कधी बऱ्यापैकी टिकतेही. पण आत इंजिन ऑइल ओतले असेल तर त्याची दाटी वेगळी, आणि दांड्यावर गंजाचे ठिपके असतील तर नवे सीलही थोड्याच दिवसांत जाते. गॅसच्या शॉकअपला कुणीही ड्रिल किंवा कटर लावू नये; आतला दाब चाकातल्या हवेच्या कित्येक पट असतो आणि झाकण गोळीसारखे उडू शकते. बदलायची वेळ आली तर दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असला तर मागच्या चाकाला धरणारी चौकट पिळवटते.

डोंगरी सायकलच्या चांगल्या शॉकअपमध्ये पोलादी स्प्रिंगच्या जागी बऱ्याचदा कोंडलेली हवाच असते. हवेचे आकारमान निम्मे झाले की दाब दुप्पट होतो, हा बॉइलचा 1662 सालचा नियम इथे रोजच्या वापरात येतो. सुरुवातीला हवा मऊ वागते आणि शेवटी झपाट्याने कडक होते. स्वार नेहमीच्या सामानासह बसला की शॉकअप आपल्या एकूण चालीच्या 25 ते 30 टक्के दबलेला असावा. दांड्यावरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवायची, हलकेच बसायचे, उतरायचे आणि रिंग किती सरकली ते मोजायचे. दाब 150 ते 200 पीएसआयच्या आसपास लागतो, पण हवेची जागा इतकी लहान की त्याला खास बारीक पंपच हवा. पंप जोडताच थोडी हवा त्याच्या नळीत शिरते आणि काटा आधीच्यापेक्षा कमी दाब दाखवतो. काढताना होणारी ‘फुस्स’ मात्र नळीतल्या हवेची असते, शॉकअपमधली नव्हे. ऋतूचाही हिशेब आहे. हिवाळ्यात पहाटे 12 अंशांवर 200 पीएसआय भरलेला शॉकअप मे महिन्याच्या 42 अंशांत 220 च्या वर जातो, काहीही न करता.

या शॉकअपचा हवेचा डबा साधारण 50 तासांच्या वापरानंतर उघडून साफ करावा असे उत्पादक सांगतात. तेलाच्या भागाची पूर्ण सर्व्हिसिंग 100 ते 200 तासांनी किंवा वर्षातून एकदा करायची, आणि तिला नायट्रोजन भरण्याची साधने लागतात. डब्याचे काम मात्र घरी होते. आधी व्हॉल्व्ह दाबून सगळी हवा सोडायची, शॉकअप दोन-चारदा दाबून पुन्हा सोडायची, मगच डबा हाताने फिरवून काढायचा. जुने काळवंडलेले ग्रीस पुसायचे, धूळ न सोडणाऱ्या फडक्याने आतली भिंत लखलखीत करायची, सीलच्या कडा बोटाने चाचपून चीर आहे का पाहायची, सांगितलेले ग्रीस पातळ लावायचे. हवा भरताना थोडी भरून शॉकअप हळूहळू दाबायचा, म्हणजे डब्यातल्या हवेच्या दोन्ही कप्प्यांत दाब सारखा होतो. हे न करता एकदम भरलेली हवा काट्यावर बरोबर दिसते आणि पहिल्याच उतारावर कमी पडते.

दुकानांतून ‘शॉकअपवाली सायकल’ म्हणून मिळते तिच्या मागे मात्र बहुधा नुसती स्प्रिंग आणि रबराचा तुकडा असतो. तेल नाही, हवा नाही, म्हणून सर्व्हिसिंग करण्यासारखे काहीही नाही. पायडल मारताना पायाचा बराच जोर ती स्प्रिंग वरखाली करण्यात जातो, आणि तिच्या बिजागरीचा बुश झिजला की मागचे चाक लटपटते. शाळेला किंवा शिकवणीला जाणाऱ्या मुलासाठी सायकल घेताना ही स्प्रिंगवाली घेऊ नये; साध्या घट्ट सांगाड्याची सायकल हलकी असते, कमी पैशांत येते आणि तिच्या मागच्या बाजूला बिघडण्यासारखी स्प्रिंग-बिजागरी नसते.