फॅमिली डॉक्टर घडवणार कोण?

चिकलठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला संभाजीनगरकर ‘मिनी घाटी’ म्हणतात. मूळ घाटी म्हणजे १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. शिकवावं कॉलेजने आणि रुग्ण तपासावेत जिल्हा रुग्णालयाने, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ‘जिल्हा निवासी कार्यक्रमा’ने ती थोडी हलवली. २०२० च्या अधिसूचनेने एमडी-एमएस करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं बंधनकारक केलं. तिथला ओपीडीत बुडालेला डॉक्टर त्यामुळे शिक्षकही झाला.

पण ही मुलं तज्ज्ञ होणार. फॅमिली डॉक्टरचं काय? त्यासाठी फॅमिली मेडिसिनचा तीन वर्षांचा डीएनबी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तरी बहुतेकांची वाट बारा महिन्यांची इंटर्नशिप, सरकारी सेवेचा बॉण्ड आणि मग थेट दवाखान्याची पाटी अशीच.

ब्रिटनने १९७६ मध्येच या प्रशिक्षणासाठी कायदा केला. तिथे फॅमिली डॉक्टर व्हायला साधारण तीन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. त्यातला मोठा काळ चालत्या दवाखान्यात, ट्रेनरच्या देखरेखीखाली जातो. ट्रेनर व्हायलाही वेगळं प्रशिक्षण आणि मान्यता लागते.

हे दवाखान्यातच शिकावं लागतं, कारण तिथला आजार वॉर्डातल्यासारखा नाव घेऊन येत नाही. दोन दिवसांचा ताप साधा असेल किंवा डेंग्यूचा. अशा वेळी ‘काय झालं तर लगेच परत यायचं’ हे रुग्णाला नेमकं सांगणं हा उपचाराचाच भाग, हे रॉजर नेबर या ब्रिटिश डॉक्टरने १९८७ मध्ये ठसवलं. चिकलठाणा एमआयडीसीतला कामगार कंबरदुखीसाठी सर्टिफिकेट मागतो, तेव्हा एक्स-रे पुरत नाही. त्याची कामाची पाळी, उचलायचं वजन, बुडणारा रोज, सगळं विचारावं लागतं.

हे शिकवताना अनुभवी डॉक्टरलाच सवय मोडावी लागते. त्याला निदान अर्ध्या मिनिटात दिसतं; तरी गप्प राहून विचारायचं, ‘तुला काय वाटतं? आणि ते नसेल तर?’ नवख्याने एकट्याने तपासलेले रुग्ण नंतर दोघांनी बसून चर्चायचे. यात वेळ जातो, म्हणून ब्रिटनमध्ये ट्रेनरच्या दवाखान्याला अनुदान मिळतं.

आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर शिक्षणाला चालना द्यायला सांगितलं. पण शिकवण्याचे तास ड्युटीत धरले नाहीत आणि त्याचा मोबदला दिला नाही, तर नवा डॉक्टर गर्दी उरकायला मिळालेला जादा हात ठरेल. जागा वाढवण्याआधी ट्रेनरचा वेळ राखून ठेवायला हवा.