सुधारगृहात गवसलेला सूर

लग्नाच्या वरातीत बँडवाला गाल फुगवून पितळी वाद्य फुंकू लागला, की लहान मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. मग ते पाटन-जबलपूर असो की पुणे-नागपूर. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक मुलगा असाच मिरवणुकीतल्या बँडमागे धावायचा. पुढे जॅझ संगीताचा सम्राट म्हणून जगाने त्याला ओळखलं. त्याचं नाव लुई आर्मस्ट्राँग.

४ ऑगस्ट १९०१ रोजी जन्मलेल्या लुईच्या वाट्याला बालपण असं फारसं आलंच नाही. वस्ती इतकी दंगेखोर, की लोक तिला ‘रणभूमी’ म्हणत. तो तान्हा असतानाच वडील घर सोडून गेले. आई अगदी अल्पवयीन. सुरुवातीची काही वर्षं आजीने त्याचा सांभाळ केला. नंतर तो आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहू लागला. घरात पैशांची कायमची चणचण. म्हणून शाळकरी वयातच तो वर्तमानपत्रं विकू लागला, रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवू लागला.

कर्नॉफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या भंगार-कोळशाच्या गाडीवरही तो काम करी. गिऱ्हाइकांना बोलावण्यासाठी पत्र्याचं भोंगं वाजवायचं काम त्याचं! त्या घरात त्याला पोटभर जेवण आणि माया मिळाली. गहाणवटीच्या दुकानातलं जुनं कॉर्नेट त्याने त्यांच्याच मदतीने घेतलं.

पण नशिबाने वेगळंच वळण घेतलं. ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री, नववर्षाच्या जल्लोषात, अकरा वर्षांच्या लुईने सावत्र वडिलांचं पिस्तूल हवेत झाडलं. पोलिसांनी पकडलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली.

तिथे पीटर डेव्हिस हे संगीतशिक्षक होते. बदनाम वस्तीतून आलेल्या या पोराकडे तेही सुरुवातीला संशयानेच पाहत. पण हळूहळू त्यांचं मत बदललं. आधी खंजिरी, मग ढोल, मग बिगुल आणि शेवटी कॉर्नेट त्यांनी त्याच्या हाती दिलं. काही महिन्यांतच लुई सुधारगृहाच्या बँडचा प्रमुख झाला. हा बँड त्याच्या वस्तीतून गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी कौतुकाने पैशांचा पाऊस पाडला, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

१९१४ साली सुटका झाली, तरी कष्ट सुटले नाहीत. दिवसा कोळसा वाहायचा आणि रात्री मिळेल तिथे वाजवायचं. नामवंत वादक जो ऑलिव्हर यांनी त्याला पोटच्या मुलासारखं शिकवलं. ऑलिव्हर शिकागोला गेल्यावर, १९१८ च्या सुमारास किड ओरीच्या बँडमधली त्यांची जागा लुईला मिळाली. मग मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर वाजवताना तो नोटेशन वाचण्यात तयार झाला. १९२२ मध्ये गुरूंनी शिकागोला बोलावून घेतलं, १९२३ मध्ये पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि १९२५ पासून स्वतःच्या ‘हॉट फाइव्ह’ चमूसह त्यांनी जॅझचं रूपच पालटून टाकलं.

हे सूर आपल्यापर्यंतही पोहोचले. गोव्यातल्या हळदोण्याचे अँतोनियो झेव्हियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले जात. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात सी. रामचंद्र यांच्या संगीताला जो पाश्चात्त्य ठेका लाभला, त्यात त्यांचाही हात होता.

लुई सुधारला, तो शिक्षेमुळे असं कुणी म्हणेल. पण नुसतं कोंडून ठेवल्याने कुणी कलावंत होत नाही. त्याला घडवलं ते भुकेल्या पोराला पानावर बसवून घेणाऱ्या कुटुंबाने आणि आपलं पहिलं मत बदलायला तयार असलेल्या शिक्षकाने. १९३१ साली नामवंत होऊन गावी परतल्यावर आर्मस्ट्राँग त्या सुधारगृहात आवर्जून गेले. आपल्या आसपासच्या एखाद्या ‘वाया गेलेल्या’ मुलाविषयी शेवटचा निकाल देण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवलं, तरी पुष्कळ झालं.