शेजारचे शेत विकले गेले, आता आपल्या वाटेचे काय?

समजा, आर्णी तालुक्यात तुमचे पाच एकर शेत आहे. ते डांबरी रस्त्यापासून दोन शेते आत आहे. वडिलांच्या काळापासून बैलगाडी शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जाते. तो म्हातारा शेजारी भला होता. ‘‘भाऊ, खुशाल न्या गाडी,’’ एवढेच त्याचे म्हणणे. आता त्याच्या मुलांनी शेत यवतमाळच्या एका व्यापाऱ्याला विकले. त्याने जूनमध्ये तारेचे कुंपण घातले. पेरणीच्या घाईत तुम्ही बियाणे डोक्यावरून नेले आणि गप्प बसलात. नोव्हेंबरमध्ये कापूस वेचून झाला, तेव्हा लक्षात आले की शेतापर्यंत गाडी येत नाही. डोक्यावरून गठ्ठे वाहायची मजुरी वेगळी, माल बाजारात उशिरा पोचल्याचा तोटा वेगळा. वाट हाही शेतीच्या धंद्यातला एक जमाखर्च आहे, हे त्या दिवशी कळते.

महामार्ग रुंद झाल्यापासून यवतमाळ, आर्णी, महागाव या पट्ट्यात रस्त्यालगतच्या जमिनींचे मालक बदलत आहेत. जुना शेजारी गेला की जुना शब्दही गेला, असा अनुभव पुष्कळांना येतो. कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहू.

कायद्याचा पहिला प्रश्न असा की, तुम्ही त्या वाटेने कोणत्या नात्याने जात होता? हक्काने की परवानगीने? वरून दोन्ही सारखेच दिसते. गाडी तीच, धुराही तोच. पण 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात (कोर्टात याला ‘इझमेंट’ म्हणतात) या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हक्क जमिनीला चिकटलेला असतो. जमीन कुणीही विकत घेवो, हक्क तिच्याबरोबर जातो. परवानगी ही माणसाने माणसाला दिलेली असते. कलम 59 प्रमाणे परवानगी देणाऱ्याने जमीन विकली, तर नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. म्हणजे म्हाताऱ्याचे ‘खुशाल न्या’ हे प्रेमाचे बोल व्यापाऱ्यावर बंधनकारक नाहीत.

मग हक्क कसा मिळतो? एक म्हणजे लेखी करारातून. दुसरे म्हणजे कलम 15 प्रमाणे सतत वीस वर्षे, उघडपणे, शांततेने, अडथळ्याशिवाय आणि ‘आपला हक्क आहे’ अशा रीतीने वापर केल्याने. शेवटची अट लोक विसरतात. दरवर्षी मृगाच्या आधी जाऊन ‘‘पाटील, यंदाही गाडी नेऊ ना?’’ असे विचारणारा माणूस सज्जन खरा, पण त्या विचारण्यानेच त्याचा वापर परवानगीचा ठरू शकतो. अशी चाळीस वर्षे गेली तरी हक्क तयार होत नाही. शिवाय हे सिद्ध करायला साक्षीदार लागतात, आणि वीस वर्षांपूर्वीचे साक्षीदार हयात असतीलच असे नाही.

तिसरा मार्ग गरजेचा. एकच शेत दोन भावांत वाटले गेले किंवा त्याचा मागचा तुकडा विकला गेला, आणि त्या तुकड्याला बाहेर पडायला दुसरी वाटच नसेल, तर पुढच्या तुकड्यातून वाट मिळते (कलम 13). मात्र दुसरी वाट ‘लांबची’ असणे वेगळे आणि ‘नसणे’ वेगळे. पुढे दुसरी वाट निघाली तर हा हक्क संपतो. आपल्याकडे वारसांत बहिणींचेही हिस्से पडतात, तुकडे लहान होतात. पण वाटणीपत्रात वाटेचा उल्लेख क्वचितच असतो. ‘घरचेच तर आहेत’ म्हणून तो राहून जातो. भाऊ-बहीण आहेत तोवर ठीक. पुढे एखादा हिस्सा विकला गेला की तंटा उभा राहतो. वाटणीपत्रात एक ओळ वाढवायला काहीच खर्च येत नाही.

आता तहसीलदाराकडे जायचे तर दोन वेगळे दरवाजे आहेत, आणि चुकीच्या दरवाजावर उभे राहून वर्ष घालवणारे खूप आहेत. वाट आधीपासून होती आणि कुणी ती अडवली, तर 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम 5. यात तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवून कुणी तुमच्या पिकाचे नुकसान करीत असेल, तर तोही याच कलमात येतो. पण मुदत अडथळा झाल्यापासून फक्त सहा महिने. वरच्या उदाहरणात कुंपण जूनमध्ये पडले. नोव्हेंबरात जाग आली, डिसेंबरभर गावातल्या बैठका झाल्या, जानेवारीत अर्ज दिला, तर मुदत संपलेली! बैठका जरूर घ्या, पण अर्ज आधी देऊन ठेवा.

वाट मुळातच नसेल आणि नव्याने हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. यात इतरांच्या सर्व्हे नंबरांच्या सीमेवरून, म्हणजे धुऱ्यावरून, वाट मागता येते. शेताच्या मधून नाही. शेतकऱ्याला शेतात जाण्याची वाजवी गरज आहे काय, हे तहसीलदार पाहतो. निर्णय पटला नाही तर एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असा शासन निर्णय मे 2025 मध्ये निघाला आहे. निकाल हाती आला की नोंदीचा अर्ज लगेच तलाठ्याकडे (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे आहे) द्यावा. नोंद नसेल तर पुढचा खरेदीदार पुन्हा म्हणेल, मला माहीतच नव्हते.

विदर्भात आणखी एक कागद आहे, जो पुण्या-साताऱ्याकडे नाही. त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. आपल्या वाचकांना शब्द ओळखीचा वाटेल, पण कागद फार थोड्यांनी पाहिलेला असतो. संहितेच्या कलम 165 प्रमाणे गावातील पाण्याचे, वाटेचे आणि इतर वहिवाटीचे रिवाज यात नोंदले जातात. कब्रस्तानाकडे, ईदगाहकडे किंवा स्मशानाकडे जाणारी जुनी वाट एखाद्या शेतातून जात असेल, तर आधी हा कागद आणि गावाचे निस्तार पत्रक काढून पाहावे. त्यात नोंद सापडली तर अर्धे भांडण तिथेच मिटते.

हद्दीचा वाद वाटेपेक्षा सोपा, कारण तो मोजता येतो. नांगर दरवर्षी चार बोटे सरकला की दहा वर्षांत धुरा कुठच्या कुठे जातो. नव्या शेजाऱ्याला हे माहीत नसते आणि जुन्याला आठवत नसते. दोघांनी मिळून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्यावा. फी निम्मी-निम्मी वाटून घेतली तर ‘त्याचा मोजणीदार’ ही कुरबूर राहत नाही. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. उभ्या पिकात मोजणी नीट होत नाही, म्हणून तारीख पीक निघाल्यावरची, उन्हाळ्यातली मागावी. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. नकाशाची ‘क’ प्रत हाती आल्यावर खुणांच्या जागी दगड लगेच पक्के रोवावेत. कुंपण त्यानंतर.

मोजणीत असे निघाले की पिढ्यान्‌पिढ्या तुम्ही त्याचे आणि तो तुमचे शेत वाहतो आहे, तर घाबरू नये. किमान बारा वर्षांपासूनच्या अशा अदलाबदलीसाठी शासनाने 2023 मध्ये सलोखा योजना आणली. तिच्यात मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये ठेवली. योजना मुदतीची आहे, म्हणून आधी चौकशी करावी.

गावठाणातील दुकाने-घरांचा मामला वेगळा. पुसद किंवा दिग्रसच्या बाजारात सामाईक भिंत, शेजाऱ्याच्या अंगणात पडणाऱ्या पागोळ्या, मागच्या बोळातून माल आणण्याची वहिवाट, यासाठी वरील दोन्ही तहसीलदारी कलमे चालत नाहीत. ती शेतजमिनीसाठी आहेत. येथे आखीव पत्रिका, खरेदीखताची चतुःसीमा आणि दिवाणी न्यायालय. जागा नझूलची असेल तर भाडेपट्टाही पाहावा. नवी खिडकी काढली म्हणून उजेडाचा हक्क लगेच मिळत नाही. तेथेही वीस वर्षांचाच हिशेब.

काही वाचक विचारतात, शेजारी या नात्याने शुफा मागून बाहेरच्याला विकणे थांबवता येईल काय? फिकहमध्ये शेजाऱ्याच्या शुफ्याची चर्चा आहे, आणि वऱ्हाडच्या 1928 च्या महसूल कायद्यातही अग्रहक्काची तरतूद होती. पण केवळ शेजारी असल्यामुळे मिळणारा अग्रहक्क सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये भाऊराम खटल्यात घटनेशी विसंगत ठरवला. त्यावर विसंबून राहू नये.

आणि एक. हक्क कितीही पक्का असो, तार स्वतः कापू नका. कलम 36 स्पष्ट सांगते की अडथळा स्वतःच्या हाताने काढता येत नाही. कापणारा रात्रीतून फिर्यादीचा आरोपी होतो आणि वाटेचा मुद्दा बाजूला पडतो. त्यापेक्षा खरेदीची बातमी कळताच, कुंपण पडण्याच्या आधी, नव्या मालकाला चहाला बोलवा, धुऱ्यावरून सोबत चालवा, गाडीची चाकोरी दाखवा. तो राजी असेल तर नुसत्या स्टँपवर नोटरी करून थांबू नका. वाटेचा कायमचा हक्क हा स्थावराचा हक्क आहे. त्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो.