चंदनाचा वास आणि माणसाची पारख



गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने मला सुगंधी फवाऱ्याची एक बाटली आणून दिली. खोक्यावर मजकूर असा : लाकडी सुगंध, खास पुरुषांसाठी, खंबीर, आत्मविश्वासी आणि मितभाषी व्यक्तिमत्त्वाची ओळख. मी त्याला म्हटले, "अरे, मी संघटनेचा माणूस. मी मितभाषी झालो तर वर्गणी कोण देईल?" पोरगा हसला, पण प्रश्न माझ्या मनात राहिला. लाकडाच्या वासाला पुरुषाचा वास का म्हणावे? आणि वासावरून माणूस कळतो काय? माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. तेथे जे वाचले आणि कारखान्यात जे हुंगले, त्याच्या आधारे याचा विचार करू.

लाकडी वास म्हणजे चंदन, देवदार, वाळा या घराण्यातला वास. वाळा हे काही लाकूड नव्हे, ते गवताचे मूळ. पण त्याचा वास त्याच जातीचा. या वासांचा एक गुण असा की ते उशिरापर्यंत टिकतात. लिंबाची साल हातावर चोळा, थोड्याच वेळात वास उडून जातो. सकाळी लावलेले चंदन मात्र संध्याकाळीही जाणवते. कारण साधे आहे. लिंबाच्या सालीतील मुख्य सुगंधी द्रव्याच्या रेणूत कार्बनचे १० अणू असतात, तर चंदनाच्या तेलातील सँटॅलॉलच्या रेणूत १५. जड रेणू सावकाश उडतो. म्हणून अत्तर करणारा कारागीर वरचा थर फळाफुलांचा देतो आणि पाया लाकडाचा घालतो.

आता पाहा. जे सावकाश उडते ते आपल्याला धीराचे वाटते. जे टिकते ते भरवशाचे वाटते. खंबीर माणसाची कल्पना येथूनच निघाली असावी. पण हा गुण रेणूचा झाला. बाटली विकत घेणाऱ्याचा नव्हे.

दुसरे कारण आठवणीचे. वासाची वार्ता नाकातून मेंदूच्या ज्या भागांकडे जाते, ते भावना आणि स्मृती यांच्या अगदी शेजारचे आहेत. म्हणून वास आला की विचार करण्याआधीच चित्र उभे राहते. आपल्याला चंदनाचा वास आला की सहाण, देव्हारा, आजोबांच्या कपाळावरचे गंध आठवते. युरोपातल्या एखाद्याला दाढीचा साबण आठवेल. रेणू तोच, माणूस निराळा! तेव्हा वासातून जे व्यक्तिमत्त्व दिसते, ते लावणाऱ्याचे थोडे आणि हुंगणाऱ्याचे फार.

आणि पुरुषाचा शिक्का? पॅरिसच्या शानेल या पेढीने १९२६ साली चंदनाच्या पायावरचे एक प्रसिद्ध अत्तर काढले, ते स्त्रियांसाठी. त्याच शहरातल्या गेर्लँ पेढीने १९५९ साली वाळ्याचे अत्तर काढले, ते पुरुषांसाठी. लाकडाने आपली जात बदलली नव्हती; चिठ्ठी बदलली होती. आपल्याकडे तर उन्हाळ्यात वाळ्याची पुरचुंडी माठात टाकली की ते पाणी घरातले सगळेच पितात.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. १९९४ साली मी एका साखर कारखान्यात हंगामी कामगार होतो. हंगाम संपल्यावर बंद काळातला भत्ता मिळावा, ही आमची मागणी. पाळी सुटल्यावर आम्ही पाचजण तसेच साहेबांकडे गेलो. अंगाला मळीचा आंबूस वास, कपड्यांत गंधकाचा धूर. साहेबांच्या खोलीत चंदनाचा घमघमाट. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "आधी आंघोळ करून या, मग बोलू." आम्ही खाली मान घालून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी मी अत्तर लावून गेलो. साहेब गोड बोलले, चहा पाजला. मी मात्र आपला वास बरा येतो ना, याच काळजीत. मागणीचे आकडेही नीट सांगू शकलो नाही. बाहेर आल्यावर आमचे वडीलधारे फिटर तात्या म्हणाले, "पोरा, काल वास येत होता म्हणून बाहेर काढलं, आज वास चांगला म्हणून चहा दिला. भत्ता दोन्ही दिवशी तेवढाच." भत्ता मिळाला तो पुढच्या हंगामात, सगळेजण पाळीच्या कपड्यांतच गेटपाशी बसलो तेव्हा.

कामगाराने चंदनासारखे झिजावे, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी चंदनाचे झाड पाहावे. ते एकट्याच्या बळावर वाढत नाही. शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळे जोडून पाणी आणि क्षार घेते. सुगंध असतो तो गाभ्याला आणि मुळांना. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला तो नाही, आणि गाभा भरायला अनेक वर्षे लागतात. म्हैसूर राज्यात टिपूने १७९२ साली चंदन सरकारी मालकीचे केले. कर्नाटकात शेतकऱ्याला स्वतःच्या रानातल्या चंदनावर हक्क मिळाला तो २००१ च्या कायदेबदलानंतर. जे आपले नाही, ते कोण जतन करील? झाडे तुटली, तेल महागले. आणि आज चंदनाचे नाव लावणाऱ्या कित्येक बाटल्यांत कारखान्यात तयार केलेले पर्यायी रसायन असते. ते वाईट असते असे नव्हे. परंतु ज्या बाटलीत चंदनच नाही, तिने माझ्या अस्सलपणाची ग्वाही द्यावी, ही मौज आहे.

माझे म्हणणे सुगंधाविरुद्ध नाही. दिवसभर राबणाऱ्यालाही चांगला वास आवडतो आणि त्याला तो मिळावा. फक्त वासावरून माणसाची किंमत करू नये, आणि आपली किंमत दुसऱ्याच्या नाकावर सोपवू नये.

आपल्या वेळापुरात हे सांगायला पुस्तक नको. येथला देव अर्धनारीनटेश्वर. नावातच स्त्री आणि पुरुष एकत्र. आषाढात माउलींची पालखी येथे मुक्कामाला येते. वारकरी बुक्का लावतात. तोही लाकडी घराण्यातलाच : कोळशाच्या पुडीत नागरमोथा, कचोरा, चंदन, वाळा अशा द्रव्यांची पूड, करणाऱ्याप्रमाणे कृती थोडी निराळी. तो बाईच्या कपाळी लागतो, बाप्याच्या लागतो, शेतमजुराच्या लागतो आणि मालकाच्याही. लावणारा विचारीत नाही की तुमचे व्यक्तिमत्त्व कोणते. तो लावतो आणि समोरच्याच्या पाया पडतो. पुतण्याची बाटली मी टाकली नाही. सभेला जाताना कधीमधी लावतो. पण वर्गणी मागतो ती मात्र बोलूनच.