कॅम्प ते कात्रप : प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी सात चटपटीत गोष्टी

उल्हासनगरचे बाजार, अंबरनाथची एमआयडीसी, बदलापूरचे क्लासेस. या पट्ट्यात हिशेब, स्टॉक आणि फीच्या नोंदींना तोटा नाही. त्यामुळे कॉम्प्युटरवर खिडकी उघडून चालणारं छोटं सॉफ्टवेअर स्वतः लिहायला शिकायचं, तर सरावाला विषय दाराशीच आहेत. हात घालण्याआधी या सात गोष्टी वाचाच!

१. टॅली घरच्या गरजेतून आली
उल्हासनगरच्या कितीतरी दुकानांत दिसणारं टॅली मूळचं बंगळूरुचं. श्यामसुंदर गोएंका यांना धंद्याच्या हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत यांनी ते लिहिलं. कंपनी सुरू झाली १९८६ मध्ये. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

२. कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून अँटिव्हायरस
सातारा जिल्ह्यातल्या कैलास काटकरांनी १९९० मध्ये पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे दुरुस्तीला कॉम्प्युटर येऊ लागले, त्यांत व्हायरस सापडू लागले. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं. गिऱ्हाइकाची अडचण हेच पहिलं पाठ्यपुस्तक ठरलं.

३. पायथनला मराठी नावं चालतात
पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेत ही ओळ जशीच्या तशी चालते :
बिल = भाव * नग
आधी भाव आणि नग यांना किंमत दिली की झालं. भाषेचे ठरलेले शब्द मात्र इंग्रजीच राहतात. आणखी एक मजा : दुकानदाराने चौकटीत ‘१२’ असं देवनागरीत टाइप केलं, तरी ‘इंट’ हे फंक्शन त्याला बिनतक्रार बारा समजतं.

४. ‘उल्हासनगर’मध्ये अक्षरं किती?
आपण मोजली तर सहा. पायथन सांगतं नऊ! युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाला वेगळा क्रमांक असतो आणि पायथन ते सगळे मोजतं. बदलापूर आणि अंबरनाथ मात्र बरोबरीत सुटतात, दोघांचेही सात. गिऱ्हाइकाच्या नावासाठी रकान्याची लांबी ठरवताना हे ध्यानात ठेवा.

५. दहा पैसे अधिक वीस पैसे
पायथनला ०.१ + ०.२ विचारा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. कॉम्प्युटर आकडे द्विमान (बायनरी) रूपात साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ नेमका बसत नाही. उपाय सोपा : बिलाची रक्कम पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवा आणि रुपये फक्त दाखवताना करा.

६. शिवमंदिराचं वर्ष एक्सेलला झेपत नाही
अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे. विंडोजवरच्या एक्सेलच्या तारखा १९०० पासून सुरू होतात, त्यामुळे त्याआधीची तारीख त्याला नुसता मजकूर वाटते. शिवाय कधीच न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस एक्सेल खरा धरतं. पायथनमध्ये वर्ष १ ते ९९९९ पर्यंतच्या तारखा चालतात.

७. खिडकी उघडली आणि गायब झाली?
नवशिक्यांची ही नेहमीची तक्रार. पायथनसोबत फुकट मिळणाऱ्या टीकिंटर या साधनाने खिडकी तयार होते, पण शेवटी ‘मेनलूप’ची ओळ लिहिली नाही, तर प्रोग्राम तिथेच संपतो. उल्हासनगरच्या गजानन मार्केटातला दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत गल्ल्यावर बसतो, तसा मेनलूप क्लिकची वाट पाहत थांबतो. नोंदी ठेवायला एसक्यूलाइट हा डेटाबेसही पायथनसोबतच येतो. अख्खा डेटा तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या एका फाइलमध्ये मावतो, त्यामुळे नेट गेलं तरी काम अडत नाही. प्रोग्राम बंद करून ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली की बॅकअप तयार.

कोर्स जरूर करा, पण सर्टिफिकेटवर थांबू नका. ओळखीच्या एका दुकानदाराला किंवा क्लासवाल्या ताईंना विचारा, ‘वहीत रोज काय लिहावं लागतं?’ तेवढ्याच कामाची एक खिडकी, दोन चौकटी आणि एक बटण बनवा आणि त्यांना वापरायला द्या. ते जिथे अडतील, तिथून तुमचा पुढचा धडा सुरू होतो. या रविवारीच सुरुवात करा!